‘म्हातारा पाऊस’ ज्या नक्षत्राचा, त्याचा ताराही म्हाताराच! पुष्य नक्षत्राच्या योगताऱ्याची सविस्तर माहिती

अहिल्यानगर : मृग, आर्द्रा, मग तरणा, मग म्हातारा... जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत पावसाचा हिशेब आजही नक्षत्रांवर चालतो. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा तो ‘म्हातारा’. तरणा म्हणजे जोमानं कोसळणारा आणि म्हातारा म्हणजे संथ रिपरिप करणारा, असा अर्थ लोक लावतात. जुलैच्या १९-२० तारखेला पुष्य नक्षत्र लागतं आणि ‘म्हातारा तरी पडतो का बघू’ असं पारापारावर ऐकू येतं.

पण पुष्य म्हणजे आकाशातला नेमका कोणता तारा? तो कधी दिसतो, किती मोठा आहे, किती लांब आहे? आणि त्याचा आपल्या पावसाशी काय संबंध? पंचांगात रोज नाव वाचूनही या ताऱ्याकडे मान वर करून पाहिलेले लोक थोडेच. गंमत म्हणजे ज्याला आपण ‘म्हातारा’ म्हणतो त्या नक्षत्राचा मुख्य तारा शास्त्रज्ञांच्या हिशेबानंही उतारवयातला आहे.

पुष्य म्हणजे कोणते तारे?

पुष्य नक्षत्र कर्क राशीत येतं. यात तीन मंद तारे धरतात. प्रत्येक नक्षत्रात खुणेसाठी एक मुख्य तारा मानतात, त्याला योगतारा म्हणतात. पुष्याचा योगतारा म्हणजे कर्क राशीतला ‘डेल्टा कॅन्क्री’. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं २०१६ साली त्याला ‘असेलस ऑस्ट्रेलिस’ हे जुनं लॅटिन नाव अधिकृतपणे दिलं. त्याचा अर्थ ‘दक्षिणेकडचं गाढव’. हे गाढव कुठून आलं ते पुढे पाहू.

‘पुष्य’ हा शब्द ‘पुष्’ म्हणजे पोसणे या धातूवरून आला. पोसणारा तो पुष्य. याचं आणखी जुनं नाव तिष्य. पौष महिन्याचं नावही याच नक्षत्रावरून पडलं, कारण पौषी पौर्णिमेचा चंद्र पुष्याच्या आसपास असतो.

मराठीत या विषयाचा पाया घातला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. जुन्या ग्रंथांतली नक्षत्रं म्हणजे आकाशातले नेमके कोणते तारे, याचा विचार त्यात आहे.

एका नजरेत पुष्याचा योगतारा

• रास : कर्क
• प्रकार : नारंगीकडे झुकणारा पिवळसर राक्षसी तारा
• तेजस्विता : सुमारे ३.९ प्रत (डोळ्यांना मंद दिसणारा)
• अंतर : सुमारे १३० प्रकाशवर्षे
• पृष्ठभागाचं तापमान : सुमारे ४,६०० केल्विन (सूर्य ५,७७२ केल्विन)
• वस्तुमान : सूर्याच्या सुमारे १.७ पट
• व्यास : सूर्याच्या सुमारे ११ पट
• एकूण प्रकाश : सूर्याच्या सुमारे ५० पट

रंगावरून तापमान कसं कळतं?

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लालभडक होतं, मग नारंगी, मग पिवळं आणि फारच तापलं की पांढरट. ताऱ्यांचंही तसंच असतं. लालसर तारा तुलनेनं थंड, निळसर तारा सर्वांत तप्त. आपला सूर्य मधल्या पट्ट्यात येतो. पुष्याचा योगतारा सूर्यापेक्षा हजारेक अंशांनी थंड आहे, म्हणून त्याचा रंग पिवळा आणि नारंगी यांच्या मधला.

नुसत्या डोळ्यांनी मात्र हा रंग फारसा जाणवत नाही, कारण मंद प्रकाशात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. साध्या बायनॉक्युलरमधून पाहिलं तर पिवळसर छटा ओळखू येते.

शास्त्रज्ञ अंदाजावर थांबत नाहीत. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून घेऊन त्याचा वर्णपट काढतात, म्हणजे इंद्रधनुष्यासारखे रंग वेगळे करतात. त्या पट्ट्यात मध्येमध्ये बारीक काळ्या रेषा दिसतात. कोणती रेषा किती ठळक, यावरून तापमान, त्यातली मूलद्रव्यं आणि पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण काढता येतं. अशा कामासाठी लागणारी मोठी दुर्बीण फार लांब नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात गिरवली इथं ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे.

‘राक्षसी तारा’ म्हणजे नेमकं काय?

तारा म्हणजे वायूचा प्रचंड गोळा. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर होतं आणि त्यातून ऊर्जा मिळते. सूर्य आज हेच करतोय. ताऱ्याचं बहुतेक आयुष्य याच अवस्थेत जातं.

गाभ्यातला हायड्रोजन संपत आला की हिशेब बदलतो. गाभा आकसतो आणि जास्त तापतो. त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागतो आणि बाहेरचे थर फुगत जातात. फुगल्यामुळे पृष्ठभाग थंड होतो, रंग पिवळा-नारंगी-लाल असा उतरत जातो, पण आकार एवढा वाढलेला असतो की एकूण प्रकाश वाढतोच. असा फुगलेला तारा म्हणजे राक्षसी तारा.

पुष्याच्या योगताऱ्याचा हिशेब सोपा आहे. त्याच्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर घेतला तर तो सूर्याच्या तेवढ्याच भागाच्या सुमारे ४० टक्के प्रकाश देतो. पण व्यास ११ पट म्हणजे पृष्ठभाग ११ गुणिले ११, अर्थात सुमारे १२१ पट. थोडं कमी तापलेलं, पण फार मोठं अंगण. म्हणून एकूण प्रकाश सूर्याच्या ५० पटींच्या घरात जातो.

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर. त्याच्या ११ पट म्हणजे दीड कोटी किलोमीटरहून जास्त. एवढ्या जागेत सूर्याच्या फक्त १.७ पट माल पसरलाय, त्यामुळे हा तारा अतिशय विरळ आहे. त्याची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा थोडीच जास्त भरते. अर्थात ही सरासरी झाली. गाभा अतिशय दाट आणि बाहेरचे थर हवेपेक्षाही कितीतरी विरळ असतात. त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणही पृथ्वीच्या निम्म्याहून कमी.

वयानं लहान, पण अवस्थेनं म्हातारा

सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. अजून साधारण ५०० कोटी वर्षं तो असाच तापत राहील आणि मग तोही फुगून राक्षसी तारा होईल. पुष्याचा योगतारा त्या टप्प्यावर आधीच पोचलाय. म्हणजे तो सूर्यापेक्षा जुना असणार, असं वाटेल. खरं तर वर्षांच्या हिशेबात तो सूर्यापेक्षा लहान आहे.

याचं कारण वस्तुमान. जड ताऱ्याकडे इंधन जास्त असतं, पण तो ते फार वेगानं उडवतो. सूर्याच्या १.७ पट वस्तुमानाचा तारा आपला हायड्रोजन सुमारे २०० कोटी वर्षांत संपवतो. सूर्याला त्यासाठी साधारण हजार कोटी वर्षं लागतात. मोठ्या चुलाण्यात लाकडं जास्त घातली तरी ती लवकर जळून जातात आणि शेगडीतला विस्तव तेवत राहतो, तसाच हा प्रकार.

तरणाही म्हाताराच

आता आधीच्या नक्षत्राकडे, म्हणजे ‘तरण्या’ पुनर्वसूकडे पाहा. मिथुन राशीतल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी पोलक्स हा पुनर्वसूचा योगतारा. लोकभाषेत पाऊस तरणा असला तरी हा ताराही राक्षसी अवस्थेतलाच. वर्णपटावरून दोघांचा गट जवळपास एकच लागतो. पोलक्सचा व्यास सूर्याच्या सुमारे नऊ पट आणि प्रकाश तीस-चाळीस पट. थोडक्यात तरणा आणि म्हातारा हे आकाशात जवळजवळ एकाच वयोगटाचे भाऊबंद आहेत.

तरीही पोलक्स आपल्याला झगझगीत दिसतो आणि पुष्याचा तारा शोधावा लागतो. पोलक्स सुमारे १३ पट उजळ दिसतो. फरक अंतराचा आहे. पोलक्स ३४ प्रकाशवर्षांवर आहे, तर पुष्याचा तारा १३० प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळपास चौपट लांब. सारखाच दिवा चौपट अंतरावर नेला की त्याचा प्रकाश चौथा हिस्सा राहत नाही, सोळावा हिस्सा राहतो. गावच्या रस्त्यावरचे सगळे दिवे सारखेच असतात, पण शेवटच्या खांबावरचा मिणमिणता दिसतो, तसंच हे.

आपला सूर्य एवढ्या अंतरावर नेऊन ठेवला असता तर तो नुसत्या डोळ्यांना दिसलाही नसता. तेव्हा ‘मंद तारा’ हे त्याचं आपल्याला दिसणारं रूप झालं. प्रत्यक्षात तो सूर्याच्या पन्नासपट उजेड देणारा तारा आहे.

एवढं लांबचं अंतर मोजलं कसं?

एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. १३० प्रकाशवर्षं म्हणजे आज रात्री जो प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो, तो ताऱ्यावरून निघाला तेव्हा दीक्षितांचा ग्रंथ छापून निघण्याचा काळ चालू होता.

अंतर मोजायची युक्ती मात्र घरात करून पाहता येते. हात लांब करून अंगठा धरा. आधी एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा सहा महिन्यांच्या अंतरानं आपण एका डोळ्याच्या जागेवरून दुसऱ्या डोळ्याच्या जागी जातो. तेवढ्यात जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्यावरून अंतर निघतं. पुष्याच्या ताऱ्यासाठी हिशेबात धरायचा कोन इतका बारीक आहे की, दोन सेंटीमीटरचं नाणं दीडशे किलोमीटरहून लांब ठेवून पाहावं. हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहानं गेल्या शतकाच्या अखेरीस अशी मोजमापं अंतराळातून केली.

या ताऱ्याची आणखी एक सोय आहे. तो चंद्राच्या वाटेवर आहे. अधूनमधून चंद्र त्याच्यावरून जातो आणि तारा झाकला जातो. ताऱ्याचा प्रकाश विझायला सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग लागतो. तो अवधी मोजून ताऱ्याचा आकार काढता येतो.

पुष्य लागतं तेव्हा तारा कुठे असतो?

‘पुष्य नक्षत्र लागलं’ याचा पावसाच्या भाषेत अर्थ एवढाच की, सूर्य आकाशातल्या पुष्याच्या भागात आला. सूर्याची वर्षभराची वाट २७ भागांत वाटली की प्रत्येक भागाला तेरा-चौदा दिवस येतात. सूर्य साधारण ५-६ जुलैला पुनर्वसूत, १९-२० जुलैला पुष्यात आणि २-३ ऑगस्टला आश्लेषात शिरतो.

म्हणजे ज्या पंधरवड्यात आपण पुष्याचं नाव सर्वांत जास्त घेतो, त्याच पंधरवड्यात हा तारा दिसूच शकत नाही. तो दिवसा सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. त्यातही हा तारा सूर्याच्या वाटेला इतका चिकटून आहे की, ३१ जुलै-१ ऑगस्टच्या सुमारास सूर्याचं बिंब दरवर्षी थेट त्याच्यावरून जातं. ढग नसले तरी तेव्हा तो दिसणार नाही.

इथं आणखी एक गल्लत टाळायला हवी. गुरुपुष्यामृत योगातला पुष्य चंद्रावरून ठरतो. चंद्र दर २७ दिवसांनी पुष्यात येतो आणि तो दिवस गुरुवार असला की तो योग धरतात. म्हणून तो वर्षातून दोन-तीनदा येतो. पुष्याचा पाऊस सूर्यावरून ठरतो, म्हणून तो वर्षातून एकदाच.

ताऱ्यामुळे पाऊस पडतो का?

नाही. १३० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा आपल्या ढगांवर कसलाही परिणाम होत नाही. पाऊस ठरतो तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांवर, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि सह्याद्रीच्या अडसरावर. म्हणूनच एकाच पुष्यात अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला धुवाधार पाऊस असतो आणि पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे लोक आभाळाकडे बघत बसतात. तारा सगळ्यांना एकच, पाऊस वेगवेगळा.

मग आजोबा-पणजोबांचं नक्षत्रांचं गणित खोटं का? तसंही नाही. भिंतीवर छापील कॅलेंडर नव्हतं आणि चांद्रमहिने दरवर्षी मागेपुढे होतात. अशा वेळी सूर्याची नक्षत्रं हीच शेतकऱ्याची पक्की तारीख होती. ‘मृगात पेर, हस्तात रब्बीची तयारी’ असं सांगणं म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या दिवसांची आठवण ठेवणं. नक्षत्र ही तारखेची खूण आहे. त्या तारखांना साधारण कसा पाऊस होतो, हा अनुभव माणसांनी गोळा केलेला आहे.

ही खूणही कायमची नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे नक्षत्र लागण्याची तारीख ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. एका पिढीला हे जाणवत नाही. पण पंधराशे वर्षांपूर्वी सूर्य पुष्यात जूनच्या अखेरीस येत होता, आज १९-२० जुलैला येतो. आणखी पंधराशे वर्षांनी पुष्य लागेल ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस ऋतूबरोबर राहतो, नक्षत्र हळूहळू पुढे निघून जातं. जुन्या ग्रंथांतली नक्षत्रांची पर्जन्यफळं आज जशीच्या तशी लावता येत नाहीत, त्याचं हे एक साधं कारण.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पेरणीचा निर्णय नक्षत्राच्या वाहनावर किंवा तारखेवर सोडू नये. कृषी विभाग दरवर्षी सांगतो त्याप्रमाणे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, नाहीतर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. पुष्य लागेपर्यंत पेरणी झाली नसेल तर मूग-उडदाची योग्य वेळ गेलेली असते. अशा वेळी कोणतं पीक घ्यावं याचा सल्ला गावचे सहायक कृषी अधिकारी किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून घेतलेला बरा. बी-बियाण्याचा पैसा एकदाच खर्च होतो, ओल मात्र मोजून घेता येते.

गाढवं, गव्हाण आणि तिकडचा पाऊस

पुष्याच्या ताऱ्यांजवळ धुरकट कापसाच्या बोळ्यासारखा एक ठिपका दिसतो. तो ताऱ्यांचा गुच्छ आहे, त्याचं नाव ‘प्रिसेपी’ किंवा एम-४४. गॅलिलिओनं आपल्या दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा त्या धुक्यात त्याला चाळीसभर तारे दिसले. आज त्यात हजाराच्या आसपास तारे मोजले गेलेत. तो गुच्छ पुष्याच्या योगताऱ्याच्या शेजारी दिसतो, पण प्रत्यक्षात त्याच्या चौपटीहून लांब आहे.

ग्रीक-रोमन लोकांना या ठिपक्यात गव्हाण दिसली आणि तिच्या उत्तरेला-दक्षिणेला चरणारी दोन गाढवं. त्यातलं दक्षिणेचं गाढव म्हणजेच आपला पुष्याचा योगतारा.

विशेष म्हणजे तिकडचे शेतकरी आणि खलाशीही याच ताऱ्यांवरून पावसाचा अंदाज बांधत. आभाळ निरभ्र वाटत असताना गव्हाण दिसेनाशी झाली तर वादळ-पाऊस येणार, असं ते मानत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या ॲराटस या ग्रीक कवीनं हवामानाच्या खुणांमध्ये हिची नोंद केलीय. यात तथ्य आहे. पावसाळी हवेच्या पुढे उंचावर पातळ ढगांचा पडदा येतो. ठळक तारे त्यातून दिसत राहतात, पण एवढा मंद ठिपका सर्वांत आधी झाकला जातो. इथंही पाऊस तारा आणत नाही, पण तारा पाहणाऱ्याला हवेतला बदल कळतो.

पुष्य कधी आणि कसा पाहाल?

अहिल्यानगर जिल्ह्याला पुष्य पाहण्याची एक वेगळी सोय आहे. हा तारा आकाशात विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १८ अंशांवर आहे आणि आपला जिल्हाही साधारण १८ ते २० अक्षांशांच्या पट्ट्यात येतो. त्यामुळे तो इथं जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. अहिल्यानगर शहरात माथ्यापासून फक्त एक अंशभर दक्षिणेला, तर कर्जत-श्रीगोंद्याकडे त्याहूनही जवळून. दिशा शोधायची गरजच नाही.

• जानेवारीच्या अखेरीस तो रात्री साडेबारा-पाऊणच्या सुमारास डोक्यावर येतो.
• फेब्रुवारीच्या अखेरीस पावणेअकराच्या सुमारास.
• मार्चच्या अखेरीस, गुढीपाडव्याच्या दिवसांत, रात्री पावणेनऊच्या सुमारास.

मार्चअखेर जेवण उरकून गच्चीवर किंवा खळ्यात आडवं व्हा आणि सरळ वर पाहा. पश्चिमेकडे झुकलेले दोन ठळक जुळे तारे म्हणजे पुनर्वसू. पूर्वेकडे एकटा ठळक तारा म्हणजे मघा. या दोहोंच्या साधारण मधोमध, जिथं आकाश रिकामं वाटतं, तिथं नजर स्थिर करा. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि तोवर मोबाईल खिशात ठेवा. आधी धुरकट ठिपका दिसेल. त्याच्या दक्षिणेला, हात लांब धरून एक-दोन बोटांच्या अंतरावर, जो मंद पिवळसर तारा दिसेल तो पुष्याचा योगतारा.

अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. शहरातल्या दिव्यांत आणि महामार्गालगतच्या हॉटेलांच्या उजेडात तो हरवतो. वाडी-वस्तीवर, डोंगराळ भागात आणि विशेषतः अकोले तालुक्यात भंडारदरा, हरिश्चंद्रगड, कळसूबाईच्या परिसरात तो सहज सापडतो. मुलांना सोबत घ्या. जुलैत ज्याचं नाव कानावर पडतं तो ‘म्हातारा’ मार्चमध्ये त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहता येईल.